दिवस मावळायच्या आत

अक्कांच्या खानावळीत दिवस मावळला की शेगडी विझायची. जेवणारी पोरं यायची आठ-साडेआठला, कुणी कॉलेजातली, कुणी कागलच्या एमआयडीसीतून पाळी संपवून आलेली, पण त्यांचं जेवण शिजायचं ते उन्हातच. अक्का जैन. घरात त्या आणि त्यांचे सासरे, आप्पा. आप्पांनी चौऱ्याऐंशी वर्षांत दिवस मावळल्यावर पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता. त्यांचं संध्याकाळचं जेवण पाचच्या आत उरकायचं, तेही मौन धरून. ते जेवत असताना स्वयंपाकघरात कुणी बोलायचं नाही. दात नसल्यामुळं एक भाकरी ताकात कुस्करून खायला त्यांना अर्धा तास लागायचा. पुरे झालं की हात आडवा धरून कानडीत ‘साकु’ म्हणायचे, आणि मग आमची तोंडं उघडायची. भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याच्याकडं कुणी बघायचं नाही. आम्ही बघायचो समोरच्या पिठाच्या गिरणीच्या पत्र्याकडं. पत्र्यावरचं ऊन तांबूस झालं की अक्का म्हणायच्या, ‘अनशे, हात चालव.’

अनशी म्हणजे मी, अनुसया. गाव परभणीच्याही पलीकडं. आठवीत शाळा सुटली, मावसबहिणीच्या मागं कागलला आले, तिथं एका कारखान्यात पॅकिंगला होते. बहीण लग्न होऊन गेली आणि मी एकटी उरले, तेव्हा कोल्हापुरात अक्कांनी भाकऱ्या थापायला ठेवून घेतलं. भाकऱ्या झाकायला आम्ही जुनी वर्तमानपत्रं वापरायचो. थापता थापता मी ती वाचते हे अक्कांनी बघितलं आणि एक दिवस म्हणाल्या, वाचतीसच तर परीक्षा दे की. त्यांनीच बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म आणला, माझ्यासोबत शाळेत येऊन भरला. दहावी झाली, तशीच बारावी झाली. हे उपकार कसले ते शाळा सुटलेल्या माणसालाच कळतं. माझ्या छातीत तेव्हा सतत एक भीती असायची, की कुणीतरी येऊन म्हणेल, चुकून दिलं होतं, परत कर.

कॉलेजात नाव घालायला गेले तर खिडकीतला कारकून म्हणाला, तत्त्वज्ञान घे, तिथं जागाच जागा हाय. सात जण होतो वर्गात. कोपऱ्यातली खोली, अर्धे बाक मोडलेले. शिकवायला कांबळे सर. कागलजवळच्या खेड्यातले, आवाज मैदानात बोलल्यासारखा. पहिल्याच तासाला विचारलं, हे सगळं जग कशाचं बनलंय? मी शेवटच्या बाकावरून म्हणाले, पिठाचं. पोरं हसली. सर हसले नाहीत. म्हणाले, अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये एकजण पाण्याचं म्हणाला, तोही असाच काहीतरी कामाधंद्याचा माणूस असणार. आता तू सांग, पीठच का?

मला ती ग्रीक नावं काही केल्या पाठ व्हायची नाहीत. एक लक्षात ठेवलं की दुसरं सांडायचं. मग मी सगळ्यांना स्वयंपाकघरात आणून बसवलं. पाणीवाला माठाशेजारी. सगळं सतत बदलतं, आगीसारखं, म्हणणारा शेगडीपाशी. बारीक बारीक कणांचं जग म्हणणारा मोहरीच्या डब्यात. आकड्यांवर जीव असणारा भाकऱ्या मोजायच्या पाटीवर. आणि गुहेत बांधलेली माणसं भिंतीवरच्या सावल्यांनाच खरं मानतात असं सांगणारा, तो मला कागलमध्येच भेटला होता. आमच्या कारखान्यातली भट्टीवरची माणसं बाहेर उन्हात आली की डोळ्यांवर हात धरून कशी उभी राहायची, ते मी पॅकिंगच्या दारातून रोज बघितलेलं. आजही मोहरीचा डबा उघडला की माझ्या मनात नको ते लोक डोकावतात. माझी सून म्हणते, आई, फोडणी जळतीय.

बाकीचे तास सकाळी, पण तत्त्वज्ञानाचा चार वाजता असायचा, कारण त्या वेळी खोली रिकामी मिळायची. पावसाळ्यात दिवस मोठा. पाचला तास संपवून धावत आले तरी उजेड भरपूर उरायचा. अक्का एक थप्पी करून ठेवायच्या, मी बाकीच्या करायची. दोघींच्या थापण्याचा ताल वेगळा, त्यांचा संथ आणि जड, माझा घाईचा; बाहेर गिरणीचा पट्टा फडफडायचा आणि आत आप्पा काहीतरी मराठी-कानडी मिसळून पुटपुटत बसायचे. पण दिवाळीनंतर दिवस आखडायला लागला. पाचला येऊन भाकऱ्या होईनात. एकदा पत्र्यावरचं ऊन गेलं आणि पंचवीस भाकऱ्या राहिल्या. अक्कांनी परात झाकली. शेगडी विझवली, रात्री पोरांना भात जास्त वाढला, आणि पोरं कुरकुरली. आधीच कांदा-लसूण नाही म्हणून ती अक्कांना चिडवायची, कोल्हापुरात राहून आम्ही काय पाप केलंय म्हणून. भाकरीसाठीच तर ती टिकून होती. त्या दिवशी अक्कांचा पडलेला चेहरा बघून मी ठरवलं, उद्यापासून तासाला जायचं नाही.

आणि तिथं मी चूक केली. अक्कांना खरं सांगितलं असतं तर त्यांनी मला हाकलून तासाला धाडलं असतं आणि स्वतः नव्वद भाकऱ्या थापून हात सुजवून घेतला असता. ते मला सोसणारं नव्हतं. म्हणून मी सांगितलं, सर आजारी आहेत, तास बंद आहेत. एकदा बोलले आणि मग ते खोटं वाढतच गेलं. अक्का दर दोन दिवसांनी विचारायच्या, सरांचं कसं हाय गं? मी म्हणायची, कमी आहे. काय दुखणं म्हणायचं? कंबर, मी म्हणाले, कारण तेच आधी तोंडात आलं. मग अक्कांनी सरांसाठी डिंकाचे लाडू केले. घरच्या तुपातले. स्टीलच्या डब्यात भरून माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, रोज सकाळी एक, वर कोमट दूध, असं सांग त्यांच्या मंडळींना. मी तो डबा घेऊन रस्त्यावर गेले, दोन गल्ल्या हिंडले आणि परत येऊन पिठाच्या पिंपामागं लपवला. त्यातला एकही लाडू मला खाता आला नाही. टाकताही आला नाही. पीठ काढायला वाकले की तो डबा दिसायचा.

जानेवारीत कॉलेजच्या फळ्यावर यादी लागली. हजेरी कमी असलेल्यांची. परीक्षेचा फॉर्म घेतला जाणार नाही असं वर ठळक लिहिलेलं. तत्त्वज्ञानातून एकच नाव होतं, माझं. मी ते तीनदा वाचलं. जन्मात पहिल्यांदा माझं नाव चारचौघांपुढं फळ्यावर लागलं होतं, ते असं. त्याच आठवड्यात दादाचा फोन अक्कांच्या मोबाइलवर आला. माझा मोठा भाऊ, वाईट माणूस नाही, पण गावात राहणारा. म्हणाला, बाई, औंदा पास झालीस तर पुढचं बघू, न्हाई तर उन्हाळ्यात न्यायला येतो, एक स्थळ बघून ठेवलंय. मी बरं म्हणाले. फोन परत देताना अक्कांनी विचारलं, काय म्हणतोय भाऊ? अभ्यास कर म्हणतोय, मी म्हणाले.

मग मी सरांना भेटायला गेले. त्यांनी हजेरीपट उघडून समोर सरकवला. माझ्या नावासमोर दिवाळीपर्यंत सरळ रेघ आणि पुढं नुसत्या फुल्या. ते एकामागून एक विचारत गेले. विषय अवघड जातोय? नाही. लग्न ठरलंय? नाही. तब्येत? बरी आहे. कुणी त्रास देतंय? नाही. मग काय? मी खाली बघत उभी. भाकऱ्या, एवढा एकच शब्द होता, पण तो बोलला की अक्कांवर आळ येणार. ज्या बाईनं फॉर्म भरला तिच्यामुळंच पोरगी अडली, असं होणार. शेवटी सर वैतागले.

‘वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न तू काढायचीस. आता तुला एक विचारलाय तर तोंड शिवल्यागत उभारलीयास. उद्या पालक घेऊन ये.’

पालक परभणीच्या पलीकडं. दुसरे पालक म्हणावेत तर त्यांच्याशी मी दोन महिने खोटं बोलत होते. मी दुसऱ्या दिवशी गेले नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. आता लिहिताना वाटतं, किती साधी गोष्ट होती, चार वाक्यांत मिटली असती. पण तेव्हा ती चार वाक्यं माझ्याजवळ नव्हती. मी भाकऱ्या थापायची आणि मनात वाटा शोधायची. कागलला परत जावं, पॅकिंगला कुणी ओळखीचं असेल का. कुणाला न सांगता गाडीत बसावं. एका भाकरीला मी नुसतीच थापत राहिले, इतकी की ती मधोमध फाटली, आणि अक्का म्हणाल्या, ‘ध्यान कुठं हाय तुझं?’

चौथ्या दिवशी, आप्पांचं जेवण नुकतंच झालेलं, सर दारात आले. चपला काढून उंबऱ्याबाहेरच थांबले. मी तव्यावरच्या भाकरीला पाणी फिरवत होते, हात तसाच राहिला. अक्कांनी त्यांना कधी बघितलं नव्हतं, नाव सांगितल्यावर लगबगीनं उठल्या.

‘आत या की सर. भाईर काय उभारलाय? आणि एवढ्यात कशाला भाईर पडलासा? कंबर बरी हाय न्हवं आता?’

सर माझ्याकडं बघायला लागले. ‘कंबर?’

‘लाडवांचा फरक पडला का न्हाय?’

‘कसले लाडू?’

त्यानंतर तव्यावरची भाकरी जळल्याचा वास आला. ती मी उलटली नाही. पिठाच्या पिंपामागं हात घातला आणि डबा काढून दोघांच्या मध्ये जमिनीवर ठेवला. मग मला जे बोलता येत नव्हतं ते एका दमात बोलून टाकलं. तास, दिवस लहान झाला ते, पंचवीस भाकऱ्या, यादी, दादा, सगळं. बोलताना मी भिंतीकडं बघत होते. अक्कांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा थापायला बसल्या. शेवटची भाकरी होईपर्यंत त्या थापत राहिल्या. सर तिथंच पाटावर बसून राहिले. शेगडी विझवल्यावर अक्का म्हणाल्या,

‘खोटं बोललीस त्याचं मला काय न्हाय. मला सांगायला भ्यालीस, ते लागलं.’

आजही कुणाला मी काही सांगायचं टाळत असले की हे वाक्य कानात येतं, त्याच आवाजात.

सरांनी हिशेब सांगितला. नऊ तास कमी पडत होते. महिनाअखेरीपर्यंत जादा तास घेऊन भरले तर प्राचार्यांकडं शब्द टाकता येईल, पण ते सही करतील याची खात्री नाही. अक्कांनी सरळ सांगितलं की चारला हिला सोडीन, पण माझ्या एकटीच्यानं भाकऱ्या व्हायच्या न्हाईत, आणि शेगडी काय मी अंधारात पेटवायची न्हाय. त्यात रागही नव्हता आणि विनवणीही नव्हती. सरांनी मान वळवून गिरणीच्या पत्र्याकडं बघितलं. म्हणाले, जादा तास कुठल्या खोलीत घ्यायचा, असा रकानाच हजेरीपटात न्हाय. वर्ग सुटला की मी पाचला इथंच येतो. पण एक सांगतो, तास म्हणजे साठ मिनिटं. एकोणसाठाला मी हजेरी मांडत न्हाय. जाताना लाडवांचा डबा त्यांनी मागून घेतला.

त्यातले पहिले आठ तास मी भाकऱ्या थापत ऐकले. सर पाटावर, मी परातीपुढं, अक्का तव्यापाशी, आणि खिडकीखालच्या कॉटवर आप्पा. पहिले दोन दिवस आप्पा भिंतीकडं तोंड करून पडायचे. तिसऱ्या दिवशी आकडेवाल्याचं चाललं होतं. सर म्हणाले, तो आणि त्याचे शिष्य मांसाला शिवायचे नाहीत, आणि पावटेही खायचे नाहीत. आप्पा उठून बसले.

‘कंदमुळं खायचा का?’

सरांना ते माहीत नव्हतं. ‘बगून सांगा पावणं,’ आप्पा म्हणाले, ‘आमच्यातला दिसतोय.’ तेव्हापासून ते रोज टोपी घालून बसायचे. अक्का तो दिवस आठवून हसायच्या, कारण त्या दिवशी आमटी पावट्याचीच होती. मला मात्र हसू यायचं नाही. मी रोज उरलेले तास मोजायची. एक दिवस सरांना ताप आला, खरा ताप, आणि तास बुडाला. मला वाटलं हे माझ्याच तोंडातून निघालेलं फळाला आलं. शेवटी एक तास उरला आणि एकच दिवस. त्या संध्याकाळी सातला हजेरीपट प्राचार्यांच्या टेबलावर जायचा होता.

नेमका त्याच दिवशी अक्कांच्या भाचीचा साखरपुडा नेसरीला. त्या सकाळीच गेल्या. निम्म्या पोरांना येऊ नका म्हणून सांगितलं होतं, तरी चाळीस भाकऱ्या माझ्या एकटीवर होत्या. आप्पांची भाकरी साडेचारला टाकायची म्हणून तवा ठेवला आणि गॅस संपला. दुसरी टाकी रिकामी निघाली. मी गिरणीवाल्याकडं धावले, त्यानं त्याच्या घरची टाकी देतो म्हटलं, पण घर तिसऱ्या गल्लीत. पाचला सर आले तेव्हा मी शेगडीपुढं रिकामी बसलेली. सर आणि गिरणीवाला दोघांनी मिळून टाकी उचलून आणली. शेगडी पेटली तेव्हा सव्वापाच वाजून गेले होते. सर घामाघूम. घड्याळाकडं बघून म्हणाले, आता सुरू केलं तरच साठ मिनिटं भरतात आणि मी सातच्या आत पोचतो. त्यांनी सुरुवात केली. मी पहिली भाकरी केली, ताटात कुस्करली, ताक ओतलं आणि आप्पांपुढं ठेवली. आणि मग लक्षात आलं. आप्पा जेवणार म्हणजे बोलणं बंद. अर्धा तास.

सरही थांबले. म्हणाले, आप्पा, तुम्ही जेवा, मी थांबतो. माझ्या डोळ्यांपुढं दादा आला, गाडी आली, ते स्थळ आलं. मी काही बोलले नाही. हे मी इथं लिहून ठेवते, की मी काही बोलले नाही. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला जेवा म्हणायला माझं तोंड उघडलं नाही.

आप्पांनी ताट हातानं बाजूला सारलं. ‘तुमचं रजिस्टर साताला बंद हुतंय म्हणालासा. माझं काय, उद्या उजाडतंय की. हिचं पुरं हू दे.’

तो तास होता विष प्यायलेल्या म्हाताऱ्याचा. जो आयुष्यभर लोकांना प्रश्नच विचारत राहिला आणि त्यासाठीच ज्याला मरणाची शिक्षा झाली. सर नेहमीसारखे मोठ्यानं बोलत नव्हते. एकदाच मध्येच म्हणाले, आमच्या आज्यानं धर्म बदलला तवा त्यालाबी गाव हेच म्हणत हुतं, कशाला प्रश्न काढतोस, गप बस की. आणि पुढं गेले. तुरुंगात मित्र जमलेत. पेला आणायची वेळ झालीय. एक मित्र म्हणतो, एवढी घाई कशाला, अजून डोंगरावर ऊन आहे, दुसरे लोक या वेळी सावकाश खातात, पितात, मग घेतात. आणि तो म्हातारा म्हणतो, थोडं उशिरा प्यालो तर मला काय मिळणार? आणा.

माझे हात चालू होते. पंधरावी, सोळावी. पत्र्यावरचं ऊन तांबूस झालं, मग पत्र्याच्या कडेला गेलं. आप्पांच्या ताटात भाकरीनं ताक शोषून घेतलं होतं, वर साय धरल्यासारखं दिसत होतं.

‘म्हंजे,’ आप्पांनी विचारलं, ‘त्येनं दिवस मावळायच्या आत उरकलं?’

सर म्हणाले, ‘व्हय आप्पा. ऊन डोंगरावर होतं तेव्हाच.’

आप्पांनी मान हलवली. ‘मग शिस्तीचा माणूस हुता.’

साठ मिनिटं भरली तेव्हा पत्र्यावर काही उरलं नव्हतं. सरांनी मांडीवरच हजेरीपट उघडला, माझ्या नावापुढं रेघ ओढली, आप्पांच्या पायांना हात लावला आणि चपला अर्ध्या पायात घालूनच निघाले. मी शेगडी विझवली. सव्वीस भाकऱ्या झाल्या होत्या. आप्पांनी टोपी काढून उशाशी ठेवली. मी ताट उचललं. मी त्यांना म्हणाले, आप्पा, चुकलं माझं. ते म्हणाले, लाईट मालव, डोळ्यावर येतीय.

प्राचार्यांनी सही केली. मी परीक्षेला बसले, दुसऱ्या वर्गात पास झाले, दादा न्यायला आला नाही. पुढं आणखी दोन वर्षं त्याच स्वयंपाकघरात काढली. हे सगळं झालं, पण ते मला नंतर कळलं. त्या संध्याकाळी मला एवढंच कळत होतं, की माझ्या त्या एका रेघेपायी एक म्हातारा माणूस उपाशी, पाण्याविना पडलाय, आणि आता उजाडेपर्यंत कुणालाच काही करता येणार नाही.

सकाळी मी परात घेऊन उन्हाचीच वाट बघत बसले. पत्र्यावर ऊन आलं, मग आमच्या भिंतीवर आलं, तरी आप्पांनी आपली नेमाची वेळ होईपर्यंत पाण्याला हात लावला नाही. मग चूळ भरली, तांब्यातलं पाणी सावकाश प्यायले आणि पाटावर येऊन बसले. मी तव्यावरची भाकरी घेऊन उभी होते, पुढं व्हायचा धीर होत नव्हता.

‘हजेरी लागली का?’ त्यांनी विचारलं.

‘लागली.’

‘मग वाढ.’